मका टाकला, कोंबडी बोलावली नाही

कितीतरी वर्षं माझी अशी समजूत होती की बॉब मार्ली कुणाकडे तरी मका मागतोय.

मामेभाऊ जहाजावर होता. सुट्टीवर येताना तो कॅसेटींची पिशवी आणायचा आणि परत जाताना त्यातल्या अर्ध्या आमच्याकडेच राहायच्या. त्यात मार्लीची 'रास्तामन व्हायब्रेशन' होती. तीही मूळची नव्हे, कोऱ्या कॅसेटवर कुणीतरी भरून घेतलेली. त्यामुळे शब्द छापलेला कागद वगैरे काही नाही, नुसतं पेनाने लिहिलेलं नाव, घामाच्या बोटांनी निम्मं पुसलेलं. वेस्ट इंडीजकडचं आमच्या घराला माहीत असलेलं गाणं तोवर एकच, १९७१ च्या दौऱ्यानंतर गावसकरवर रचलेलं ते कॅलिप्सो. पण ते त्रिनिदादचं. हे जमैकाचं, आणि यातला एक शब्द धड कळेल तर शपथ. 'हू द कॅप फिट' या गाण्यात तो म्हणतो, 'थ्रो मी कॉर्न'. शाळेतल्या इंग्रजीप्रमाणे 'थ्रो मी' म्हणजे माझ्याकडे टाक. भुकेला असेल बिचारा. पुढे 'मी नो कॉल नो फाउल'. हा कबड्डीतला फाउल असणार असं ठरवून मी विषय मिटवला होता.

खूप नंतर कळलं ते असं. जमैकाच्या बोलीत, म्हणजे पॅटवात, 'मी' म्हणजे मी. अगदी आपल्या 'मी'सारखं, आणि शिवाय 'माझं'ही तेच. इंग्रजी कान बाजूला ठेवून मराठी कानाने ऐकलं असतं तर निम्मा अर्थ तेव्हाच लागला असता. फाउल म्हणजे कोंबडी. 'मी माझा मका टाकला, कोंबडीला काही बोलावलं नाही.' ही मार्लीची ओळ नाही, त्यांच्याकडची जुनी म्हण आहे. मी आपलं सगळ्यांत मिळून बोललो, कुणाचं नाव घेतलं नाही. आता जो धावत येऊन दाणे टिपायला लागेल, त्याचं तो बघून घेईल.

हे वाचलं आणि मला आमचं मागचं अंगण दिसलं.

आजीच्या आठ-दहा कोंबड्या होत्या. दुपारी निवडण-टिपण करायला ती मागच्या पडवीत बसे आणि समोर उकिरडा उकरणाऱ्या कोंबडीशी बोले. "काय गं, दिवसभर नुसतं इकडे उकर, तिकडे उकर. घरात दूध उतू गेलं तरी तुला पत्ता नाही." आत स्वयंपाकघरात काकू. दोन सेकंदं शांतता, मग भांडं आपटल्याचा आवाज. काकू तशी गप्प बसणारी नव्हती. ती दारात येऊन विचारी, "आई, मला म्हणालात का काही?" आजी सुपातून मान वर न करता म्हणे, "तुला कशाला म्हणू बाई, मी कोंबडीला बोलले."

लेकी बोले सुने लागे. आमच्याकडे लेक सासरी गेल्यामुळे तिची जागा कोंबडीने घेतली होती, एवढंच.

जमैकात या बोलण्याला 'थ्रो वर्ड' म्हणतात, शब्द टाकणं. मका टाकायचा तसाच शब्द टाकायचा. मला ही जोडी फार आवडली, कारण म्हणींबद्दल आपण सहसा जे ऐकतो, की ते पिढ्यांचं शहाणपण वगैरे, ते मला कधी पटलेलं नाही. आजीला शहाणपण सांगायचं असलं की ती सरळ सांगायची. म्हण काढायची ती टोमणा मारायचा असेल तेव्हा, किंवा जे बोलायची सोय नाही ते बोलायचं असेल तेव्हा. स्का आणि रेगे या जमैकाच्या दोन गानप्रकारांमधल्या म्हणी ऐकताना तेच दिसतं. फरक इतकाच की तिथे आडून बोलायची गरज घरच्या कुरबुरीपेक्षा पुष्कळ मोठी होती.

इंग्रजांनी १६५५ मध्ये स्पेनकडून जमैका घेतलं आणि उसाच्या मळ्यांसाठी पश्चिम आफ्रिकेतून माणसं पकडून आणली. पूर्ण सुटका झाली ती १ ऑगस्ट १८३८ ला. मधल्या एकशे ऐंशीहून जास्त वर्षांत मुकादमासमोर मालकाबद्दल बोलायचं तर कुणाच्या नावाने बोलणार? कोंबडी, घार, शेळी, माकड, कुत्रं. आफ्रिकेतल्या अकान लोकांचा अनान्सी हा लबाड कोळी गोष्टींमधून आला, त्याच्याबरोबर म्हणीही आल्या आणि इंग्रजी शब्दांचे कपडे घालून राहिल्या. १९१० मध्ये किंग्स्टनच्या इन्स्टिट्यूट ऑफ जमैकाने त्यांचा संग्रह छापला, तेव्हा त्या आधीच जुन्या होत्या. स्काच्या गाण्यात यायला त्यांना आणखी पन्नासेक वर्षं लागली.

आल्या त्या मात्र अगदी पहिल्या झटक्यात. १९६४ च्या फेब्रुवारीत जमैकात सगळ्यात वर असलेलं गाणं होतं मार्लीच्या वेलर्स या गटाचं 'सिमर डाउन'. मार्ली जेमतेम १९ वर्षांचा. देश स्वतंत्र होऊन दीड वर्ष झालेलं, किंग्स्टनच्या वस्त्यांमध्ये खेड्यांतून आलेली, हाताला काम नसलेली पोरं आणि त्यांच्या खिशात रॅचेट नावाच्या घडीच्या सुऱ्या. त्यांना 'रूड बॉय' म्हणत. मार्ली स्वतः सेंट अ‍ॅन परगण्यातल्या नाइन माइल या खेड्यातून येऊन ट्रेंच टाउनमध्ये वाढलेला, म्हणजे त्यांच्यातलाच. त्याला त्यांना सांगायचंय, जरा दमानं घ्या. पण १९ वर्षांच्या पोराने बरोबरीच्या पोरांना उपदेश केला तर काय होईल? फुटतील की दात.

म्हणून तो स्वतः बोलतच नाही. 'लाँग टाइम पीपल' म्हणायची, अशी सुरुवात करतो. जुनी माणसं म्हणायची की शेळीला जे गोड लागतं तेच तिला ढाळ लावतं. आणि दुसरी, कोंबडी खुशीत असते तेव्हाच घार जवळ असते. 'चिकन मेरी, हॉक डे निअर.'

हे गाणं एकदा नीट आवाज मोठा करून ऐका. ब्रेंटफर्ड रोडवरच्या स्टुडिओ वनमध्ये ते ध्वनिमुद्रित झालं. मागे वाजवणारे लोक पुढे स्कॅटलाइट्स म्हणून गाजले, त्यांतले बरेच जण कॅथलिक नन्स चालवत असलेल्या अल्फा बॉइज स्कूलच्या बँडमध्ये शिकलेले. स्काचा ठेका आपल्या कानाला आधी उलटा वाटतो. जिथे आपण टाळी देऊ तिथे काही नाही, दोन टाळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत गिटार आणि पियानोचा झटका. पाय आपोआप उचलला जातो. पितळी वाद्यं अशी काही उधळलीयत की 'शांत व्हा' सांगणाऱ्या गाण्यात शांत असं एकही वाद्य नाही. या धुमाळीत नाचणारी पोरं शेळीच्या हगवणीबद्दल ऐकत होती, आणि ती त्यांचीच आजी बोलत होती. कोंबडी कोण हे गाणं सांगत नाही. घार कोण हेही सांगत नाही. पोलीस असेल, फास असेल, दुसरी टोळी असेल. मका टाकलेला आहे.

शेळीवरून आठवलं. जमैकात लग्नकार्यात, मयताला, कुठल्याही मोठ्या जेवणाला बोकडाच्या मटणाची करी लागते, आणि ती करी तिथे नेली हिंदुस्थानी मजुरांनी. १८४५ पासून करारावर तिकडे गेलेले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. गांजा आणि चिलीम हे शब्दही त्यांच्याबरोबर गेले आणि मार्लीच्या रास्ता पंथाच्या लोकांनी उचलले. आपली मराठी माणसं त्या बोटींवर जवळपास नव्हती, त्यामुळे उगाच नातं लावायला नको. गोव्यात अंजुण्याच्या किनाऱ्यावर दर तिसऱ्या शॅकमध्ये मार्लीचं चित्र दिसतं, पण तेही नातं नव्हे. तिथे वाजतात ती चार-पाच ठरलेली गाणी, आणि त्यांत कोंबडी नसते.

मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवणारी म्हण मात्र बादलीची. रोज बादली विहिरीवर जाते, एक दिवस तिचं बूड गळून पडतं.

ज्यांनी विहिरीवर पाणी भरलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या विहिरीवर पत्र्याची बादली होती. पत्र्याच्या बादलीचं बूड हा वेगळा तुकडा असतो, कडेला दुमडून बसवलेला. त्या दुमडीत पाणी राहतं. आधी नुसता तांबूस डाग, मग खाली ठेवली की ओली चंद्रकोर उमटते, मग रहाटावरून वर येईपर्यंत बारीक धार. आजीने दोनदा डांबर भरलं. बादली आणखी एक पावसाळा टिकली. मग एका सकाळी मी ओढतेय आणि दोर अचानक हलका लागला. वर आली ती नुसती कडी आणि पत्र्याचं नळकांडं. त्यातून आरपार विहिरीचं पाणी दिसत होतं. आजी म्हणाली, "दोन वर्षं सांगतेय." कुणाला सांगत होती ते अर्थात सांगितलं नाही. आजोबा ओटीवर पेपर वाचत होते.

हीच म्हण १९६८ मध्ये इथिओपियन्स या मंडळींनी 'एव्हरीथिंग क्रॅश' गाण्यात घातली. त्या वर्षी जमैकात संपांची रांग लागली होती. गाण्यात यादीच आहे, अग्निशमनवाले संपावर, पाणीवाले संपावर, टेलिफोनवाले, शेवटी पोलीससुद्धा. आणि मग दोन म्हणी पाठोपाठ. सकाळी जे बिघडलं ते संध्याकाळी सुधारत नाही. रोज बादली विहिरीवर नेता, एक दिवस बूड जाणारच. इथे बादली म्हणजे सरकार, किंवा सहा वर्षांपूर्वी मिळालेलं स्वातंत्र्य. त्यांचा गायक लेनर्ड डिलनचा आवाज चिडलेला नाही. बातम्या देणाऱ्या माणसासारखा आहे, त्यामुळे जास्त झोंबतो.

पाच वर्षांनी, १९७३ मध्ये, तीच बादली 'आय शॉट द शेरीफ'च्या शेवटी येते. सगळं गाणं त्या माणसाची कैफियत आहे, मी शेरीफला मारलं, डेप्युटीला नाही, शेरीफ माझ्यावर पहिल्यापासून डूख धरून होता. शेवटी कारणं संपतात आणि तो म्हणतो, रोज बादली विहिरीवर जाते. बस्स. इथे बादली कोण? रोज सोसणारा तो स्वतः, का रोज छळणारा शेरीफ? दोघंही बसतात. इथिओपियन्सच्या गाण्यात हा सरकारला इशारा होता, इथे ती खुनाची कबुलीही आहे आणि सफाईही. पुढच्या वर्षी एरिक क्लॅप्टन या इंग्लिश गिटारवाल्याने हे गाणं गायलं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं, बादलीसकट. तिथल्या किती जणांना ती दिसली कोण जाणे. माझ्या मक्यासारखंच झालं असेल.

आपल्याकडे विहीर-बादलीवर म्हण नाही असं थोडंच आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. गंमत अशी की आपण पोहरा हातात धरून नजर टाकतो ती आडात, मुळातच पाणी आहे का बघायला. आणि आपलं तात्पर्य बहुतेक वेळा कुणाच्या तरी अकलेवर जाऊन थांबतं. त्यांची नजर बादलीच्या बुडाकडे. मळ्यावर ज्यांनी डोक्यावरून पाणी वाहून नेलं त्यांना बादलीचं बूड आधी दिसणार.

कुऱ्हाडीचंही तसंच. आपली म्हण आहे, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. दांडा लाकडाचा, म्हणजे झाडाच्याच जातीचा, आणि तोच आपल्या कुळावर उठला. घरभेद्याचं दुःख आहे त्यात. जमैकातली कुऱ्हाड छोटी असते आणि मोठं झाड पाडते. १९७१ मध्ये मार्लीने ली 'स्क्रॅच' पेरी या रेकॉर्ड-निर्मात्याबरोबर 'स्मॉल अ‍ॅक्स' केलं, तेव्हा त्यात बायबलमधला दुसऱ्यासाठी खड्डा खणणाराही घातला, पण लक्षात राहते ती कुऱ्हाडच. तुम्ही मोठं झाड असाल तर आम्ही छोटी कुऱ्हाड. यामागची गोष्ट अशी सांगतात की त्या वेळी जमैकातला रेकॉर्डचा धंदा तीन बड्या कंपन्यांच्या हातात होता, 'बिग थ्री'. आणि जमैकन तोंडात 'थ्री'चा उच्चार होतो 'ट्री'. आता कुणी विचारलंच, आमच्याबद्दल बोललात का, तर उत्तर तयार आहे. छे हो, झाडाबद्दल.

या सगळ्यात लुईस बेनेटचं नाव घेतलं नाही तर तिकडची माणसं मला उभी करणार नाहीत. मिस लू म्हणत तिला. १९१९ चा जन्म. पॅटवा म्हणजे अडाण्यांचं मोडकं इंग्रजी असं शिकलेली माणसं मानत होती त्या काळात ही बाई पॅटवात कविता करत होती. १९४५ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या नावाजलेल्या नाट्यशाळेत शिकली, आणि परत येऊन पुन्हा पॅटवातच बोलत राहिली, मोठ्याने, रेडिओवर. तिची एक काल्पनिक मावशी होती, आंटी रोची. काही बोचरं बोलायचं असलं की 'आंटी रोची से', म्हणजे रोचीमावशी म्हणते. माझ्या आजीची कोंबडी ती हीच. आमची भाषा इंग्रजीचा अपभ्रंश म्हणता, मग इंग्रजीला नॉर्मन फ्रेंच आणि लॅटिनचा अपभ्रंश का म्हणत नाही, हा प्रश्नही रोचीमावशीचाच.

मिस लूच्या एका कवितेचं नाव 'डटी टफ'. पाऊस पडतोय पण माती कडकच, भांडं शिजतंय पण अन्न पुरेना. १९७४ मध्ये मार्लीच्या 'देम बेली फुल' गाण्यात हीच जोडी येते. यातला 'डटी' शब्द ऐकायला इंग्रजी 'डर्टी'सारखा, पण त्याचं मूळ अकान लोकांच्या ट्वी भाषेतल्या मातीच्या शब्दात सांगतात. मार्लीने गाताना सरळ इंग्रजी 'डर्ट' केलं, बाहेरच्यांना कळावं म्हणून असेल. मला ते किंचित खटकतं. एका अक्षराने समुद्रापलीकडची माती गेली. पण पहिल्या पावसात ज्यांनी ढेकळं बघितलीयत, वरून भिजलेली आणि आतून कोरडी ठण्ण, त्यांना ओळ अशीही कळेल आणि तशीही.

सगळ्याच म्हणींचं कौतुक करावं असं मात्र मला वाटत नाही. टोमणा वर फेकला तर कुऱ्हाड, खाली फेकला तर नुसती काठी. वेलर्समधल्याच पीटर टॉशचं 'मागा डॉग' घ्या. 'मागा' म्हणजे हडकुळं, मरतुकडं. मरतुकड्या कुत्र्याची कीव करा, तेच उलटून चावतं. स्काच्या जमान्यात त्याने हे गायलं, १९७१ मध्ये पुन्हा, १९८३ मध्ये तिसऱ्यांदा. ज्या माणसाने राज्यकर्त्यांना तोंडावर शिव्या घातल्या, त्याचं हे कुत्रं म्हणजे त्याला सोडून गेलेली बाई. जस्टिन हाइन्ड्सचं 'कॅरी गो ब्रिंग कम' तर स्काचा मुकुटमणी. शब्दशः ने-जा-आण-ये, म्हणजे आपलं इकडचं तिकडे. चाल अशी की ऐकणाऱ्याचे खांदे हलतात. पण लावालाव्या करणारी कोण, तर एक म्हातारी, 'जेझबेल', म्हणजे बायबलमधल्या दुष्ट राणीच्या नावाची. का, पुरुष इकडचं तिकडे करत नाहीत? आमच्या गावच्या न्हाव्याच्या दुकानात दोन तास बसून यावं हाइन्ड्सने. याच माणसाने माकडाची म्हणही गायली, माकड जितकं उंच चढेल तितकं उघडं पडतं, म्हणून मी त्याला माफ करते. निवडणुकीच्या दिवसांत मला तीच आठवते.

तर पुन्हा मक्याकडे.

'हू द कॅप फिट' १९७६ चं. ज्याला टोपी बसेल त्याने ती घालावी. तुझा सख्खा मित्रच तुझा वैरी निघेल, असं त्यात आहे. जमैकात त्या वर्षी दोन पक्षांच्या टोळ्या रस्त्यावर एकमेकांना गोळ्या घालत होत्या, जूनमध्ये आणीबाणी लागली. ३ डिसेंबरला रात्री बंदूकधारी मार्लीच्या होप रोडवरच्या घरात घुसले. त्याला, बायको रीटाला आणि मॅनेजरला गोळ्या लागल्या. ५ तारखेला तो जखमी दंडानिशी किंग्स्टनच्या मैदानावर गायला उभा राहिला. हे माहीत झाल्यावर मी ती जुनी कॅसेट पुन्हा लावायला गेले. फीत चिकटली होती, मग फोनवर ऐकलं.

आणि इतक्या वर्षांत कधी लक्षात न आलेली गोष्ट ऐकू आली. मी माझा मका टाकला, कोंबडीला बोलावलं नाही, असं म्हणून झाल्यावर मार्ली लगेच पुढे तोंडाने आवाज काढतो. कॉक-कॉक-कॉक, क्लक-क्लक-क्लक. कोंबड्यांना बोलावतात तो.

आजीही हेच करायची. "मी कोंबडीला बोलले" म्हणून झालं की सुपातली मूठभर कणी अंगणात फेकायची आणि जिभेने चुटचुट करायची. कोंबड्या पंख फडफडवत यायच्या. काकू अजून दारातच उभी असायची.